संक्रांत ते गुढीपाडवा : मधपेटीची काळजी कशी घ्यायची?



आपल्या संघातल्या बऱ्याच गटांकडे आता मधपेट्या आल्या आहेत. पेटी आली, प्रशिक्षण झालं, फोटोही निघाले. पुढे मात्र प्रत्येक बैठकीत हाच प्रश्न येतो : “ताई, पेटीतल्या माशा उडून गेल्या. आता काय करायचं?”

हा अनुभव आमच्याही गटाचा आहे. पहिल्या वर्षी आमच्याकडे पाच पेट्या होत्या. माघात पेट्या गच्च भरल्या. होळीच्या सुमारास आम्ही पाचही पेट्यांतला मध काढला, खालच्या खणातलाही सोडला नाही. बरण्या भरल्या, कर्जाचा हप्ता गेला, सगळ्या खूश. मग चैत्र-वैशाखाचं ऊन सुरू झालं. एका पेटीत मेणकिडा पडला, एकीला मुंग्यांनी गाठलं आणि एक वसाहत एका दुपारी सगळीच्या सगळी उठून गेली. मृग लागेपर्यंत दोनच पेट्या उरल्या.

चूक वैशाखात झाली असं आम्हाला तेव्हा वाटलं. खरं तर ती फाल्गुनातच झाली होती. म्हणून या लेखात संक्रांत ते गुढीपाडवा या अडीच महिन्यांत पेटीचं काय काय करायचं, ते एकेक करून सांगते.

थंडी आपली वैरी नाही

काश्मीर-हिमाचलात किंवा परदेशात मधमाशीची खरी परीक्षा थंडीत असते. तिकडे बर्फ पडतो, फूल दिसत नाही आणि माशा साठवलेल्या मधावर दिवस काढतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत पेटीला गोधडी गुंडाळा, कापूस भरा असं सांगतात, ते त्या भागासाठी असतं.

आपल्या वर्धा जिल्ह्यात उलटं आहे. पौष-माघाच्या रात्री गार असतात, पण दुपारी ऊन असतं आणि वावरात फूलही असतं. आपल्या माशीचे उपाशी दिवस दोन : एक एप्रिल ते जून, पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, आणि दुसरा जुलै-ऑगस्टच्या झडीत, माशीला बाहेर पडता येत नाही तेव्हा. म्हणजे संक्रांत ते पाडवा हे दिवस माशीचे कमाईचे आहेत. या दिवसांत पेटी मजबूत झाली तरच ती उन्हाळा काढते.

या कमाईला हातभार कोणाचा लागतो तेही बघा. तुरीचा शेवटचा फुलोरा, मोहरी, सांभाराचा (धण्याचा) फुलोरा, जवस, शेवगा. माघात काटेसावर आणि पळस फुलतो. कारंजा, आष्टी, आर्वी या भागांत संत्र्याचा आंबिया बहार येतो. नदीकाठी टरबूज, डांगरवाडी असते. पुढे कडुनिंब, करंज, जांभूळ आणि मोह. आपल्या गावच्या दीड-दोन किलोमीटरच्या आत यांतलं काय काय आहे, याची यादी गटाच्या रजिस्टरात लिहून ठेवा. कोणतं फूल कधी सुरू झालं आणि कधी संपलं, तेही लिहा. दोन वर्षांत ही यादी तुमच्या गावचं मधाचं पंचांग होईल.

आपली माशी कोणती?

आपल्याकडे चार प्रकारच्या माशा दिसतात. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला मोठं एकच पोळं लटकवते ती आग्या माशी. झुडपात हातभर उंचीवर लहान पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या भोकात राहते, डंख मारत नाही, ती पोयाची बारीक माशी. आणि झाडाच्या ढोलीत, वारुळात, अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी.

पेटीत राहते ती सातेरी. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, म्हणून त्या पेटीत टिकत नाहीत. काही गटांना मेलीफेरा ही परदेशी माशी मिळाली आहे. तिची पेटी मोठी असते आणि तिला खाणंही जास्त लागतं. पुढे जे सांगते ते मुख्यतः सातेरीच्या आठ चौकटींच्या पेटीबद्दल आहे.

पहिलं काम : पेटी उघडून बघा

माघात आठ-दहा दिवसांतून एकदा पेटी तपासा. वेळ दहा ते बाराची, ऊन पडलेलं असावं. पहाटेच्या गारव्यात किंवा ढगाळ दिवशी पेटी उघडू नका. पिलांच्या जागी माशा सुमारे ३५ अंश ऊब टिकवून धरतात. आपण पेटी उघडी ठेवून गप्पा मारत बसलो की ती ऊब जाते. पाच-सात मिनिटांत काम आटपा. फाल्गुनात ऊन वाढलं की तपासणी सकाळी आठ-नऊलाच उरकून घ्या.

चौकट उचलताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवा, म्हणजे घराच्या तळापर्यंत उजेड जातो. चार गोष्टी बघायच्या.

१. अंडी दिसतात का? घराच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखं एक अंडं दिसतं. अंडी दिसली म्हणजे राणी दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी होती. राणीला शोधत बसायची गरज नाही.

२. पिलावा सलग आहे की विरळ? सलग असेल तर राणी चांगली. मध्येमध्ये रिकामी घरं असतील तर राणी म्हातारी झाली असेल किंवा रोग असेल. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी दिसली तर राणी नाही आणि कामकरी माशाच अंडी घालू लागल्या असं समजा.

३. खाणं किती आहे? पिलाव्याच्या वरच्या बाजूला मधाचा पट्टा आणि त्याला लागून रंगीत परागकणांची घरं दिसायला हवीत.

४. मेणकिडा, मुंग्या, मेलेली पिलं आहेत का? पोळ्यात जाळीसारखे धागे दिसले तर तो मेणकिडा.

सातेरी माशी मेलीफेरासारखा झाडाचा डिंक आणून फटी बुजवत नाही. त्यामुळे फटींतून किडा सहज शिरतो आणि तळपाटावर पडलेल्या मेणाच्या भुग्यावर वाढतो. म्हणून तळपाट दर आठवड्याला झाडून काढा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण मेणकिड्यावर याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

काळं पडलेलं जुनं पोळं दिसलं आणि त्यात पिलं नसली तर कापून काढा. मेणकिडा आधी तिथेच जातो. फुलोऱ्याच्या दिवसांत माशा नवं पोळं लवकर बांधतात, म्हणून जुनं काढायची वेळ हीच. काढलेलं पोळं वितळवून मेण करा, उघड्यावर टाकू नका.

दुसरं काम : पाक कधी द्यायचा?

खाणं कमी दिसलं तरच पाक द्यायचा. एक भाग साखर, एक भाग पाणी. पाणी उकळून उतरवा, त्यात साखर विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या. एका पेटीला एका वेळी पाव लिटरच्या आसपास पुरतो. वाटीत पाक घालून वर काड्या टाका, नाहीतर माशा बुडून मरतात.

गूळ देऊ नका, माशीचं पोट बिघडतं. बाजारातला मधही देऊ नका, त्यातून रोग येऊ शकतो.

पाक नेहमी दिवस मावळल्यावर आणि सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर जबर पेटीच्या माशा कमजोर पेटीवर तुटून पडतात आणि तिचं सगळं लुटून नेतात. कमजोर पेटीचं दार लहान करून ठेवा, म्हणजे तिला राखण करता येते.

मधाचा खण चढवल्यावर पाक बंद. मधात साखरेचा पाक गेला तर तो मध राहत नाही, आणि ग्राहकाने एकदा धरलं की गटाचं नाव जातं.

तिसरं काम : वसाहत फुटायच्या आधी आपणच वाटणी करा

माघाच्या शेवटी माशा खूप वाढतात. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे संक्रांतीला घातलेल्या अंड्याची माशी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर येते. जागा पुरेनाशी झाली की माशा नवी राणी तयार करायला घेतात आणि जुनी राणी अर्ध्या माशा घेऊन निघून जाते. यालाच आपण मोहोळ उठलं म्हणतो.

त्याची खूण आधी कळते. पहिल्यांदा नरांची घरं वाढतात. त्यांची टोपणं फुगीर असतात आणि मधोमध बारीक छिद्र असतं. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती घरं दिसतात. ती राणीची घरं. ती दिसली की हाताशी थोडेच दिवस उरलेले असतात.

त्या वेळी दुसरी पेटी तयार ठेवा. अर्ध्या चौकटी माशांसकट नव्या पेटीत घाला. जुनी राणी एकीत आणि राणीचं एक चांगलं घर दुसरीत, हे नीट बघून घ्या. मध आणि पराग दोन्हीकडे वाटा. राणी अंड्यापासून साधारण पंधरा-सोळा दिवसांत तयार होते, मग बाहेर उडून नरांशी तिचं मीलन होतं आणि त्यानंतर ती अंडी घालू लागते. म्हणून वाटणीनंतर नव्या राणीची पेटी दहा-बारा दिवस उघडू नका. घाई केली तर राणी जाते.

वाटणी फेब्रुवारी संपायच्या आत करा. होळीनंतर वाटलेली पेटी ऊन सुरू होईपर्यंत भरत नाही.

चौथं काम : दोन कमजोर पेट्यांची एक करा

हे काम मनाला जड जातं. रजिस्टरवर पाच पेट्या आहेत, तपासणीला साहेब-मॅडम येणार, मग पाचाच्या चार कशा दाखवायच्या? पण तीन चौकटींवर जेमतेम माशा असलेली पेटी वैशाखात स्वतःला गारही ठेवू शकत नाही आणि किड्याशीही लढू शकत नाही. दोन कमजोर पेट्या दोन्ही जातात, एक जबर पेटी टिकते. जबर पेटीची पुढच्या माघात पुन्हा वाटणी करता येते.

आधी दोन्ही पेट्या रोज थोड्या-थोड्या सरकवत जवळ आणा. एका वेळी हात-दीड हातापेक्षा जास्त सरकवू नका, नाहीतर बाहेरून आलेली माशी जुन्या जागी घर शोधत फिरते. दोघींतली कमजोर राणी काढा. संध्याकाळी एका पेटीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्याला टाचणीने बारीक भोकं पाडा आणि वर दुसरीचा खण ठेवा. माशा कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. एकदम एकत्र घातल्या तर एकमेकींना मारतात.

पाचवं काम : फवारणीवाल्याशी आधी बोला

आंबिया बहाराच्या वेळी संत्र्यावर सिला आणि मावा येतो आणि फवारे सुरू होतात. टरबुजावर, भाजीपाल्यावरही तेच. उमललेल्या फुलावर विष पडलं की एका सकाळी पेटीसमोर मेलेल्या माशांचा सडा दिसतो.

भांडून उपयोग नाही, आधी जाऊन सांगायला हवं. शेजारच्या वावरवाल्याला घरी जाऊन म्हणा, “काकाजी, फवारा कवा मारता? आदल्या दिवशी सांगजा बरं.” फुलोऱ्यात फवारा टाळता येतो का ते विचारा. मारायचाच असेल तर दिवस मावळल्यावर मारावा, तेव्हा माशा घरी असतात. त्यात शेतकऱ्याचाही फायदा आहे हे समजावून सांगा. टरबूज, कोहळं, दोडका, कारलं यांत नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं असतं. माशीने पराग नेला नाही तर मादीफूल गळून पडतं. कांद्याचं बियाणं करणाऱ्यालाही माशी हवीच असते.

फवारा होणारच असेल तर आदल्या रात्री सगळ्या माशा आत आल्यावर दाराला जाळी लावा, वर ओलं पोतं टाका, सावली करा आणि हवा खेळती ठेवा. एका दिवसापेक्षा जास्त कोंडू नका. पेट्या हलवायच्या असतील तर रात्री हलवा आणि तीन किलोमीटरपेक्षा लांब न्या, म्हणजे माशा जुन्या जागी परत जात नाहीत.

सहावं काम : मध काढा, पण भाकरी ठेवून

इथेच आमचा गट चुकला होता. म्हणून नियम सांगते.

मध फक्त वरच्या खणातला काढायचा. खालचा पिलाव्याचा खण म्हणजे माशांचं स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली. तिथल्या मधाला हात लावायचा नाही.

चौकटीतल्या चारातल्या तीन हिश्श्यांवर मेणाची टोपणं आली असतील तरच ती काढा. टोपण नसलेल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. विक्रीच्या मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पोळं पिळू नका, मधयंत्रात फिरवा. रिकामी चौकट परत पेटीत जाते आणि माशांची पोळं बांधायची मेहनत वाचते.

पाडव्यानंतर गावाजवळ कडुनिंब, करंज, जांभूळ भरपूर नसेल तर शेवटच्या वेळी वरच्या खणातल्याही एक-दोन भरलेल्या चौकटी माशांसाठी ठेवा. सातेरीची पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, फुलोरा कमी असेल तर तेवढाही नाही. त्यातला किलोभर ठेवला तर हप्ता बुडत नाही. पेटी गेली तर मात्र पुढच्या सगळ्या वर्षांचा मध जातो.

एक गोष्ट घरच्यांसाठी. बाळ जन्मलं की मधाचं बोट चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, आपल्या पेटीचा शुद्ध असला तरी नाही. त्यात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

सातवं काम : पाडव्याआधी उन्हाळ्याची तयारी

पेट्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीत हलवा. वर तुराट्यांचा किंवा गवताचा मांडव करा. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्या कधीही कोरड्या पडू देऊ नका, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पसरट भांड्यात दगड टाकून जवळच पाणी ठेवा. हे मार्चपासूनच सुरू करा, म्हणजे माशांना जागा ओळखीची होते. भर उन्हात त्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून पेटी गार ठेवतात. पाणी लांब असेल तर सगळी ताकद त्यातच जाते.

डंख लागला तर

तोंडावर जाळी, अंगात पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, केसांना फुलं-अत्तर नाही, आणि धुराडं हाताशी. डंख लागला तर काटा नखाने लगेच खरवडून काढा आणि गार पाणी लावा. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. आग्या मोहोळाच्या जवळ पेटी उघडू नका आणि त्या मोहोळाला कोणी धूर करत असेल तर मुलांना लांब ठेवा.

हे काम आपल्या जिल्ह्याला नवं नाही

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. मगनवाडीत घाणी, हातकागद यांच्याबरोबर मधमाशापालनालाही जागा होती. माशा न मारता, पोळं न जाळता मध घ्यायचा हा विचार तेव्हाचा आहे. त्याच मगनवाडीत आज एमगिरी ही संस्था आहे.

नव्या गटांनी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात मध केंद्र योजनेची चौकशी करावी. योजनेत निम्मं अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक असते आणि आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. स्वतःची शेती असणाऱ्याला प्राधान्य मिळतं. म्हणून सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, हेही या निमित्ताने बघून घ्या. पेटीमागे राबणारी बाई आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, असं होऊ देऊ नका.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा

पेट्या तपासायची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची? तळपाट कोण झाडेल, वाट्यांत पाणी कोण घालेल? फवारणीचं कोणाकोणाला सांगायचं? आणि मध काढताना प्रत्येक पेटीत किती ठेवायचा? हा शेवटचा ठराव मध काढायच्या आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बरणी समोर आली की हात आखडत नाही, हे आम्ही अनुभवलं आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही उरलेल्या दोन पेट्यांच्या माघात चार केल्या आणि मध कमी काढला. काही जणी नाराज झाल्या. मृगाचा पहिला पाऊस झाला तेव्हा चारही पेट्यांच्या दारात माशा ये-जा करत होत्या. त्या दिवशी कोणी नाराज नव्हतं.